काम बिघडलं की आधी कारण शोधा, उपाय नंतर

एक उदाहरण घेऊ. रात्रपाळीच्या सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या) ऑपरेटरने आठवड्यात ४०० बुश (आतून पोकळ, नळीसारखे पोलादी भाग) काढले, त्यातले १८ तपासणीत नापास झाले. वर्कशॉपची सरासरी १२. सोमवारी सकाळी मीटिंगमध्ये हा आकडा वाचला गेला की लगेच तीन उपाय पुढे येतात: मेमो द्या, ट्रेनिंगला पाठवा, नाहीतर दिवसपाळीला आणून नजरेखाली ठेवा. तिन्हींना खर्च आहे. तिन्ही उपाय सुचवणाऱ्यांपैकी कोणी त्या १८ बुशांपैकी एकही हातात घेऊन पाहिलेला नसतो.

याला दुष्टपणा म्हणता येत नाही, ही माणसाच्या विचाराची जुनी सवय आहे. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण शोधताना आपण त्याच्या स्वभावाला जास्त वजन देतो आणि तो ज्या परिस्थितीत काम करतो तिला कमी. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये या सवयीला ‘मूलभूत आरोपण-दोष’ अशा अर्थाचं नाव दिलं. माणूस समोर दिसतो, मशीनचं तापमान दिसत नाही. म्हणून बोट माणसाकडे जातं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते.

सुरुवात तक्रारीच्या भाषेपासून करावी लागते. ‘त्याचं कामात लक्ष नाही’, ‘तिचा अ‍ॅटिट्यूड बरोबर नाही’, ‘तो जबाबदारी घेत नाही’ ही मतं झाली. यातून काय मोजायचं ते कळत नाही. तक्रार अशी लिहा की दोन वेगळ्या माणसांनी तेच रेकॉर्ड पाहिलं तर दोघांचा आकडा एकच यावा. त्यासाठी एवढं पुरतं: काय व्हायला हवं होतं, काय होतंय, कधीपासून होतंय. त्याला एक चौथा प्रश्न जोडा, तो सर्वांत उपयोगी पडतो: हे कुठे होत नाही? त्याच माणसाचं दुसऱ्या मशीनवर काम ठीक आहे का? त्याच मशीनवर दुसऱ्या पाळीत ठीक आहे का? एका पार्टलाच त्रास आहे की सगळ्यांना? अर्धं कारण या उत्तरांतच सापडतं.

हे लिहून झालं की विचारा, ही तफावत बुजवली नाही तर नुकसान किती? कधीकधी उत्तर येतं, फारसं काही नाही. फाइली वेगळ्या क्रमाने लावणारी क्लार्क मागितलेला कागद दोन मिनिटांत काढून देत असेल, तर तिथे प्रश्न साहेबांच्या आवडीचा आहे, कामाचा नाही. तो तिथेच सोडून द्यावा.

आता एक पायरी अशी आहे, जी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. ती म्हणजे तफावत खरी आहे का, की नुसता योगायोग?

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग आपल्या कार्यशाळांत मण्यांचा एक प्रयोग करून दाखवायचे. पेटीत ४००० मणी, त्यातले ३२०० पांढरे आणि ८०० लाल. ५० खाचा असलेलं फळकूट पेटीत बुडवून प्रत्येक ‘कामगारा’ने ५० मणी काढायचे. लाल मणी म्हणजे खराब माल. पेटीतच २० टक्के लाल असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १० येणार, आणि नुसत्या योगायोगाने कोणाचा आकडा २ येईल तर कोणाचा १८. डेमिंग स्वतः फोरमनची भूमिका घेऊन कमी लाल काढणाऱ्याचं कौतुक करायचे आणि जास्त काढणाऱ्याला रागवायचे. पुढच्या फेरीत कौतुक झालेला बहुधा घसरायचा, बोलणी खाल्लेला सुधारायचा. फोरमनला वाटावं, रागावण्याचा उपयोग झाला! खरं तर दोघांच्याही हातात काहीच नव्हतं, जे होतं ते पेटीत होतं.

हा हिशेब आपल्या आकड्यांना लावता येतो, आणि त्याला मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. एकूण नग गुणिले नापास होण्याचं प्रमाण गुणिले पास होण्याचं प्रमाण, याचं वर्गमूळ काढा आणि त्याची तिप्पट करा. सरासरीच्या वर-खाली तेवढी पट्टी योगायोगाची समजा. आपल्या शॉपमध्ये ३ टक्के नापास होतात, म्हणून ४०० × ०.०३ × ०.९७ म्हणजे ११.६४. वर्गमूळ ३.४, तिप्पट १०.२. सरासरी १२, म्हणजे पट्टी साधारण २ ते २२. एका आठवड्याचे १८ या पट्टीच्या आत बसतात. त्या सोमवारी मेमो देणं म्हणजे लाल मण्यांसाठी मेमो देणं.

पण समजा, चार आठवडे ओळीने १८ आले. १६०० नगांमध्ये ७२ नापास. अपेक्षित ४८, आणि वरच्याच रीतीने पट्टी येते २८ ते ६८. आता ७२ पट्टीबाहेर गेले. इथे काहीतरी वेगळं घडतंय हे जवळजवळ नक्की. काय घडतंय ते अजून कळलेलं नाही, फक्त शोधायला जागा आहे एवढं कळलं. (ही तुलना एकाच पार्टवर, एकाच प्रकारच्या मशीनवर असेल तरच करा. अवघड जॉब एकाला आणि सोपा दुसऱ्याला देऊन टक्केवारी शेजारी-शेजारी लावली, तर हिशेब बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो.)

कारण कुठे शोधायचं, याची चांगली मांडणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉमस गिल्बर्ट यांनी १९७८ मध्ये केली. त्यांनी सहा कप्पे केले. तीन माणसाच्या बाहेरचे: माहिती, साधनं आणि कामाचं मिळणारं फळ. तीन माणसाच्या आतले: ज्ञान, क्षमता आणि इच्छा. आणि शोध बाहेरून आत घ्यावा, असं त्यांचं सांगणं. याचं कारण रोखठोक आहे: बाहेरचे दोष दुरुस्त करणं बहुधा स्वस्त असतं, आणि ते दुरुस्त झाले की फायदा त्या जागी बसणाऱ्या प्रत्येकाला मिळतो. आतले उपाय, म्हणजे ट्रेनिंग, बदली, नवी भरती, महाग पडतात आणि एकाच माणसापुरते राहतात.

या सहापैकी माहितीचा कप्पा पहिला असण्याला अर्थ आहे. माणसाकडून काय हवंय हे त्याला आकड्यात सांगितलंय का? आणि आपलं काम कसं चाललंय हे त्याला किती वेळात कळतं? रात्रपाळी सकाळी ७ ला सुटते, तपासणी ९ ला सुरू होते. नापास झालेला बुश ज्याने केला त्याला तो दिसतच नाही. त्याला थेट आठवड्यानंतर मेमोच्या कागदावर ‘१८’ दिसतात. चुकीची खबर सहा दिवस उशिरा मिळत असेल तर जगातला कुठलाही कारागीर हात सुधारू शकणार नाही.

ऑफिसातही तेच. अकाउंटंट जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) दर महिन्याला ऐन शेवटच्या दिवशी, ११ तारखेला, धावपळीत भरतो आणि चुका करतो. ‘त्याला प्लॅनिंग जमत नाही’ हे ठरून गेलेलं. मग कोणीतरी डिस्पॅचची बिलं त्याच्या टेबलावर कधी येतात याच्या तारखा तीन महिन्यांसाठी लिहून काढतं: ९, १०, १०. टाइम मॅनेजमेंटचा कोर्स करायला पाठवायचंच असेल तर आधी त्या बिलांना पाठवावं लागेल.

आता ते ७२ बुश पाहू. बुशाचा बोअर, म्हणजे आतलं भोक, २५ मिमी. टॉलरन्स, म्हणजे आकारात चालणारा फरक, एच७ या प्रमाणाचा: २५.००० ते २५.०२१. एकूण २१ मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांची) जागा, केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी. आधी नापास नगांचे ढीग करा, प्रकारानुसार. समजा ७२ पैकी ६१ अंडरसाइज निघाले, उरलेले ओरखडे आणि किरकोळ. मग त्या ६१ चा प्रत्यक्ष आकार लिहून काढा. ते सगळे २४.९९६ ते २४.९९९ च्या मध्ये आहेत. इथे थांबून विचार करा. निष्काळजी माणसाच्या चुका सहसा दोन्ही बाजूंना विखुरतात, काही मोठे, काही लहान, काही भलतेच. सगळ्या चुका एकाच बाजूला आणि ४ मायक्रॉनच्या आत पडत असतील, तर हात स्थिर आहे. चूक पद्धतीत कुठेतरी आहे.

मग रात्री तिथे उभं राहून पूर्ण एक तास बघा. ऑपरेटर चकमधून, म्हणजे मशीनच्या पकडीतून, जॉब काढतो, कपड्याने पुसतो, लगेच बोअर गेज (भोक मोजायचं साधन) घालतो. गेज बरोबर आहे, त्याचा झिरो सेटिंग रिंगवर, म्हणजे नेमक्या मापाच्या कडीवर, नीट लावलाय. वाचन २५.००३. पास. जॉब ट्रेमध्ये. सकाळी तोच जॉब २४.९९७ भरतो.

कारण जॉब गरम आहे. पोलाद १ अंश तापमानाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. मशीनमधून निघालेला जॉब सेटिंग रिंगपेक्षा २० अंशांनी गरम असेल, तर २५ मिमीचा बोअर जवळपास ६ मायक्रॉन मोठा दिसतो. थंड झाल्यावर तेवढाच आकसतो. दिवसपाळीला हे होत नाही, कारण दिवसा जॉब इन्स्पेक्टरच्या टेबलावर जातो, तिथे तो दहा-पंधरा मिनिटं पडून राहतो आणि मग मोजला जातो. रात्री इन्स्पेक्टर नसतो, म्हणून ऑपरेटर स्वतः मोजतो, तेही लगेच, कारण त्याला लगेच तपासून पुढे जायला सांगितलेलं आहे. दोन्ही पाळ्यांचे ऑपरेटर आपापल्या जागी बरोबर वागतायत.

पण एवढ्यावर थांबलात तर अर्धंच कारण हाती लागेल. हा ऑपरेटर काही जॉबचा बोअर २५.००३ ला, अगदी खालच्या काठावर का ठेवतो? २१ मायक्रॉनची जागा असताना मधोमध का नाही? उत्तर तिसऱ्या कप्प्यात, फळाच्या कप्प्यात आहे. बोअर मोठा झाला की जॉब भंगारात जातो आणि इन्सेंटिव्ह कापला जातो. लहान राहिला तर रिवर्क होतो, म्हणजे पुन्हा मशीनवर लावून दुरुस्त होतो, पैसे कापले जात नाहीत. पैशाचा हा नियम त्याला रोज सांगतोय की लहान बाजूला राहा. तो तसाच राहतो. शहाणा माणूस तेच करेल.

म्हणजे उपाय दोन हवेत आणि एकत्र हवेत. एक, गरम जॉबसाठी वेगळा आकडा: मशीनवरून काढल्या-काढल्या वाचन २५.०१६ च्या आसपास हवं, म्हणजे थंड झाल्यावर ते २५.०१० ला बसेल. हा आकडा अंदाजाने देऊ नका. दहा जॉब गरम असताना मोजा, पंधरा मिनिटं सेटिंग रिंगच्या शेजारी सरफेस प्लेटवर ठेवा, पुन्हा मोजा आणि खरा फरक काढा. दोन, इन्सेंटिव्हचा नियम बदला. तो तसाच ठेवून नुसतं ‘२५.०१६ ला ठेव’ म्हणालात, तर ऑपरेटरला तुम्ही भंगाराच्या काठाजवळ जायला सांगताय आणि दंड मात्र त्याच्याच खिशातून घेताय. तो मान डोलवेल आणि रात्री पुन्हा २५.००३ ला येईल. मग त्याला ‘सांगूनही ऐकत नाही’ हा नवा शिक्का बसेल.

फळाच्या कप्प्यातल्या चुका ओळखणं सगळ्यांत अवघड, कारण त्या आपणच चांगल्या हेतूने केलेल्या असतात. जो वेळेत काम संपवतो त्याच्याच टेबलावर दुसऱ्याचं राहिलेलं काम येऊन पडतं. वर्षभरात त्याचा वेग मंदावतो आणि आपण त्याला ‘आता पूर्वीसारखा राहिला नाही’ म्हणतो. जी मुलगी चूक लपवत नाही, लगेच सांगते, तिला सगळ्यांसमोर बोलणी बसतात. पुढच्या वेळी ती चूक सांगत नाही. सेल्समनला नवे ग्राहक आणायला सांगायचं आणि कमिशन मात्र जुन्या ग्राहकाच्या ठरलेल्या ऑर्डरवरही तेवढंच द्यायचं. तो जुन्याच दुकानांत फिरणार. प्रश्न नेहमी दोन्ही बाजूंनी विचारा: नीट काम केलं तर त्याच्या वाट्याला काय येतं? आणि नीट नाही केलं तर?

साधनांचा कप्पा मात्र लवकर उरकतो. तो बघून येण्याचा आहे. २१ मायक्रॉनचा टॉलरन्स तपासायला हातात ०.०१ मिमीचा डिजिटल व्हर्निअर दिलाय का? त्याचीच चूक दोन्ही बाजूंना २० मायक्रॉनपर्यंत असू शकते. अशा साधनाने पास-नापास ठरवणं म्हणजे छापा-काटा. सॉफ्टवेअरची एक एंट्री सेव्ह व्हायला ४० सेकंद लागत असतील, तर डेटा एंट्रीच्या टार्गेटबद्दल बोलण्याआधी सर्व्हर बघा.

बाहेरचे तीन कप्पे तपासून झाले आणि तिथे काही सापडलं नाही, की मग माणसाच्या आत जायचं. इथे एक जुना प्रश्न कामाला येतो. ट्रेनिंगवर लिहिणारे रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० मध्ये तो मांडला, त्याचा गाभा असा: जिवावर बेतलं तर या माणसाला हे काम जमेल का? जमेल, तर ज्ञानाची उणीव नाही आणि ट्रेनिंगने काही होणार नाही. नाही जमणार, तर पुढचा प्रश्न: पूर्वी जमत होतं का? पूर्वी जमत होतं आणि आता नाही, तर सराव तुटलाय. वर्षातून एकदा करायच्या कामाला पाच दिवसांचा वर्ग कशाला? मशीनला चिकटवलेलं एक पानाचं चित्र पुरतं. कधीच जमत नव्हतं, तरच शिकवणं आलं. हा क्रम पाळला तर ट्रेनिंगचं बजेट खूपच कमी लागतं, आणि जे लागतं ते वाया जात नाही. ट्रेनिंग वाईट नाही. ते चुकीच्या रोगावर वारंवार दिलं जातं, आणि मग ‘ट्रेनिंगने काही फरक पडत नाही’ असा समज पक्का होतो. हा समज जास्त नुकसान करतो.

क्षमतेबद्दल एक गोष्ट आपल्याकडे फार दुर्लक्षित राहते, ती म्हणजे डोळे. चाळिशीनंतर जवळचं बारीक दिसणं कमी होत जातं. चष्मा लागलाय हे कित्येकांना वर्ष-दोन वर्षं कळत नाही आणि कळलं तरी काम जाईल म्हणून बोलत नाहीत. व्हर्निअरच्या बारीक रेघा, ड्रॉइंगवरचे लहान अक्षरातले आकडे, इनव्हॉइसमधले ३ आणि ८. सगळ्यांची डोळे तपासणी ठेवली तर कोणा एकावर बोट जात नाही. तशीच झोप. पाळी बदलल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन रात्रींतल्या चुका वेगळ्या मोजा. त्या तिथेच दाटत असतील तर प्रश्न पाळ्यांच्या वेळापत्रकाचा आहे. घरचं आजारपण, कर्ज, दारू यांचाही कामावर परिणाम होतो, पण त्यात उत्सुकतेने शिरू नका. ‘कामाबाहेरचं काही असेल आणि सांगावंसं वाटलं तर सांगा, रजा किंवा पाळी बदलून बघू’ एवढं म्हणून थांबा.

माणसाशी बोलायचं ते केबिनमध्ये बोलावून नव्हे. केबिनमध्ये बोलावलं की माणूस बचाव घेऊन आत येतो. त्याच्या मशीनपाशी किंवा टेबलापाशी जा आणि म्हणा, ‘दादा, हा जॉब तुम्ही कसा मोजता ते जरा दाखवा ना.’ हात चालू असताना माणूस खरं बोलतो. ‘असं का केलंस?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून फक्त सबब मिळते. त्याऐवजी विचारा, ‘उद्या नवीन पोरगं इथे उभं केलं तर त्याला कुठल्या तीन गोष्टी सांगाल?’ त्या तीन गोष्टींत एक तरी अशी निघते जी कुठल्याच वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये लिहिलेली नसते. आणि चांगलं काम करणाऱ्यालाही तसंच बघा. दोघांच्या पद्धतीतला फरक हाच बहुतेक वेळा शोधाचा शेवट असतो.

हे सगळं तपासून झालं, अपेक्षा स्पष्ट आहे, साधन आहे, फळ सरळ आहे, काम येतं, तब्येत ठीक आहे आणि तरीही माणूस करत नाही, तर आता प्रश्न इच्छेचा आहे. तेव्हा स्पष्ट बोलणं, लेखी ताकीद, त्यापुढची रीतसर कारवाई योग्यच आहे. उलट या टप्प्यावर ती टाळणं बाकीच्यांवर अन्याय करतं. चोरी, मारामारी, खोटी हजेरी हे मात्र या रांगेत बसत नाहीत. तो गैरवर्तनाचा वेगळा रस्ता आहे, त्याची चौकशी वेगळी. दोन्हींची सरमिसळ करून कामातल्या चुकीला गैरवर्तन ठरवलं तर चौकशीत ते टिकेलच असं नाही, आणि तोवर माणसाचं मन तुटलेलं असतं.

उपाय लावताना आधी स्वस्त आणि लवकर मागे घेता येणारा लावा. सहा बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. एकमेकांत अडकलेली कारणं असतील, जसा आपला गरम जॉब आणि इन्सेंटिव्ह, तरच दोन उपाय जोडीने लावायचे. आणि मोजायची तारीख आधीच लिहून ठेवा. या बुशांसाठी पुन्हा चार आठवडे, पुन्हा १६०० नग. नापास ५० च्या आसपास किंवा त्याखाली आले तर कारण बरोबर पकडलं. ७० च्या वरच राहिले तर उरलेल्या ढिगाकडे परत जा आणि ते पुन्हा प्रकारानुसार लावा. त्याच चार आठवड्यांत रात्रपाळीच्या बाकीच्या मशीनवरचे बोअरही गरम आणि थंड असे दोनदा मोजून घ्या. तिथले ऑपरेटर पट्टीच्या आत असतील, म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहिलं नसेल, पण गेज तेही लगेचच घालत असणार.